पोटात सुई घेण्याआधी: गर्भजल तपासणीचा धोका आईला किती, बाळाला किती?

‘सुई घातली की मूल पडतं’ आणि ‘काही होत नाही, पाच मिनिटांचं काम आहे’. गर्भजल तपासणीचा विषय निघाला की ही दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले बहुधा घरातून येते, दुसरे दवाखान्यातून. दोन्ही अर्धवट खरी आहेत. सुईचा धोका आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. तो शून्यही नाही. तो किती, हे सुई कितव्या आठवड्यात घातली, कोणी घातली आणि मुळात कशासाठी घातली यावर ठरते.

हा हिशेब सुई घालण्याआधी गरोदर बाईला समजावून सांगणे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नाही. तो कायदा आहे, आणि तो तिला समजणाऱ्या भाषेत सांगायचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, पणजी, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी बाईला हे माहीत असायलाच हवे, कारण तिच्या समोर येणारा कागद बऱ्याचदा कन्नड, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी असतो.

आधी अंदाज, मग निदान

गरोदरपणात होणाऱ्या तपासण्या दोन प्रकारच्या. पहिल्या अंदाज देणाऱ्या. ११ ते १३ आठवड्यांची एनटी सोनोग्राफी, तिच्यासोबतचे डबल मार्कर, पुढे क्वाड्रुपल मार्कर, आणि दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी या सगळ्या त्यात आल्या. यात रक्त काढायचे किंवा सोनोग्राफी करायची, बाळाजवळ काही जात नाही. त्यामुळे बाळाला धोका नाही. पण या तपासण्या ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाहीत, शक्यता सांगतात.

इथेच पहिला घोळ होतो. डबल मार्करच्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क, १:२००’ असे आले की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच, की असा रिपोर्ट आलेल्या २०० बायकांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आहे, बाकी १९९ जणींच्या बाळांना तो नसेल. भारतात अनेक प्रयोगशाळा १:२५० ही सीमारेषा धरतात. तिच्या अलीकडे आकडा आला की ‘हाय रिस्क’चा शिक्का बसतो.

दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या निदान करणाऱ्या. त्यांना बाळाच्या पेशी लागतात, आणि त्या मिळवायला सुई आत घालावी लागते. अशा तपासण्या मुख्यतः तीन:

गर्भजल तपासणी, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस. १५ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. सोनोग्राफीत बाळ आणि वार कुठे आहे ते पाहून पोटावरून लांब, बारीक सुई गर्भपिशवीत घालतात आणि १५ ते २० मिली पाणी काढतात. म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे. ते पाणी पुन्हा भरून निघते.

वारेचा तुकडा घेण्याची तपासणी, म्हणजे सीव्हीएस. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान पोटावरून, किंवा काही वेळा गर्भाशयाच्या मुखातून, वारेच्या अगदी बारीक पेशी घेतात. निकाल लवकर मिळतो हा हिचा फायदा.

नाळेतून रक्त घेण्याची तपासणी, म्हणजे कॉर्डोसेंटेसिस. साधारण १८ आठवड्यांनंतर थेट नाळेच्या शिरेतून बाळाचे रक्त घेतात. पेशींच्या नव्या तपासण्या आल्यापासून हिची गरज कमी झाली आहे. बाळाला रक्तक्षय असल्याची शंका असेल, पोटातच रक्त द्यायचे असेल, अशा मोजक्या कारणांसाठी ती उरली आहे.

गर्भपाताचा आकडा कुठून आला?

‘शंभरात एक’ हा जुना आकडा आजही अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो आला डेन्मार्कमधून. १९८६ साली तिथे ४६०६ बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वय २५ ते ३४, विशेष धोका नसलेल्या या बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची गर्भजल तपासणी केली, दुसऱ्याची नाही. सुई घेतलेल्यांत १.७ टक्के गर्भपात झाले, न घेतलेल्यांत ०.७ टक्के. फरक एक टक्क्याचा.

यातली दुसरी संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुई न घेताही काही गर्भ पडतातच. म्हणून सुईनंतर झालेला प्रत्येक गर्भपात सुईमुळेच झाला असे म्हणता येत नाही, आणि ‘त्यात सुईचा काही संबंध नाही’ असेही सरसकट म्हणता येत नाही. डॉक्टर ज्याला सुईचा धोका म्हणतात तो या दोन्हींतला फरक असतो.

त्यानंतरच्या चार दशकांत सोनोग्राफी यंत्रे खूप सुधारली. आता सुईचे टोक पडद्यावर सतत दिसत असते. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा जादा धोका बराच कमी आढळला. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की तयार हाताच्या डॉक्टरने केलेल्या गर्भजल तपासणीत किंवा सीव्हीएसमध्ये गर्भपाताचा जादा धोका ०.५ टक्क्यापेक्षा कमी असावा. म्हणजे २०० मध्ये एकापेक्षा कमी. जुळी असतील तर तो साधारण एक टक्का धरतात. नाळेतून रक्त घेताना धोका जास्त, साधारण एक ते दोन टक्के, आणि बाळ आधीच आजारी असेल तर त्याहूनही जास्त.

या आकड्यांत ‘तयार हात’ ही अट आहे. महिन्यातून अनेकदा ही तपासणी करणारा डॉक्टर आणि वर्षातून दोन-तीनदा करणारा डॉक्टर यांचा आकडा एकच असेल असे समजू नये. सुई किती वेळा घालावी लागली हेही महत्त्वाचे. दोन प्रयत्नांत पाणी मिळाले नाही, तर तिसऱ्यांदा टोचत बसण्याऐवजी थांबून अधिक अनुभवी डॉक्टरकडे पाठवणे ही चांगली पद्धत मानतात.

बाळाला आणखी काय होऊ शकते?

सुई बाळाला टोचेल ही सगळ्यात मोठी भीती असते. सोनोग्राफीत सतत पाहत सुई घातली तर असे क्वचितच होते. खरा धोका आठवडे चुकवण्यात आहे.

१९९० च्या दशकात ‘निकाल लवकर मिळावा’ म्हणून गर्भजल तपासणी ११-१२ आठवड्यांत करून पाहिली गेली. कॅनडात ४३७४ बायकांवर झालेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लवकर सुई घेतलेल्यांच्या १.३ टक्के बाळांचे पाऊल वाकडे निघाले. नेहमीच्या वेळी तपासणी केलेल्यांत हे प्रमाण ०.१ टक्का होते. गर्भ गमावण्याचे प्रमाणही लवकरच्या गटात जास्त होते, ५.९ टक्क्यांऐवजी ७.६ टक्के. इतक्या लहान गर्भाभोवती पाणीच थोडे असते, त्यातले काढले की बाळाला जागा कमी पडते. त्यानंतर १५ आठवड्यांआधी गर्भजल तपासणी करणे जगभर बंद झाले.

सीव्हीएसचेही तसेच. १९९१ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड इथून बातमी आली, की फार लवकर, म्हणजे आठ-नऊ आठवड्यांत सीव्हीएस केलेल्या २८९ गर्भारपणांत पाच बाळांच्या हातापायांची वाढ अपुरी राहिली. दहा आठवडे पूर्ण झाल्यानंतर केलेल्या सीव्हीएसमध्ये असा वाढीव धोका दिसलेला नाही. म्हणून ‘आत्ताच उरकून टाकू’ असा आग्रह कोणी धरला, तर आठवडे मोजून घ्यावेत. आणि ते पाळीच्या तारखेवरून नुसते बोटांवर मोजून चालत नाही, पहिल्या सोनोग्राफीवरून नक्की करावे लागतात.

आणखी एक गोष्ट घडू शकते, ती म्हणजे पाणी झिरपणे. गर्भजल तपासणीनंतर एक ते दोन टक्के बायकांना थोडे पाणी जाते किंवा अंगावर किंचित लाल डाग दिसतो. यातली बहुतेक गळती आपोआप थांबते आणि गर्भ टिकतो. पण ‘थांबेल आपोआप’ म्हणून घरी बसून राहायचे नाही, कारण पाणी जात राहिले तर आत जंतुसंसर्ग पोहोचू शकतो. नाळेतून रक्त घेताना सुईच्या जागेतून रक्तस्राव होणे आणि बाळाचे ठोके मंदावणे हे धोके असतात, म्हणून ती तपासणी पुरती सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करतात.

आईच्या शरीराला काय?

बाळाच्या काळजीत आईचा धोका विचारायचा राहूनच जातो. सुदैवाने तो कमी आहे, पण काही गोष्टी आधी कळल्या तर टाळता येतात.

पहिली गोष्ट रक्तगट. भारतात सुमारे पाच टक्के लोक आरएच निगेटिव्ह आहेत. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर सुईमुळे बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. मग आईचे शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. या वेळी बाळाला फारसे काही होत नाही, पण पुढच्या गर्भारपणात हीच प्रतिपिंडे बाळाच्या रक्तपेशी मोडू लागतात. उपाय सोपा आहे. तपासणीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन. तेवढे हुकले तर त्रास पुढच्या बाळंतपणाला होतो, आणि तेव्हा या सुईची आठवणही कोणाला राहिलेली नसते. म्हणून तपासणीआधी रक्तगट फाइलवर आहे का, हे बघणे पहिले काम.

दुसरी गोष्ट जंतुसंसर्ग. सुईवाटे गर्भपिशवीत गंभीर संसर्ग होण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे. पण झाला तर आईच्या जिवावर बेतू शकते. तपासणीनंतर थंडी वाजून ताप आला तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून तापाची गोळी घेऊन झोपू नये.

तिसरी गोष्ट, आईला आधीपासून असलेले आजार. आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर सुईवाटे विषाणू बाळापर्यंत जाण्याची शक्यता असते. रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण औषधांनी काबूत असेल तर ही शक्यता खूप कमी होते. म्हणून हे रिपोर्ट आधी पाहावे लागतात, आणि लाजेकाजेने लपवणे बाळासाठी महाग पडते. चौथी गोष्ट, आईच्या आतड्याला इजा. ती अत्यंत विरळ आहे, पण संमतीपत्र समजावताना सांगायलाच हवी.

आणि मनावरचा ताण? निकाल येईपर्यंतचे दिवस फार कठीण जातात. ठरावीक गुणसूत्रांचा झटपट निकाल दोन-तीन दिवसांत मिळतो, पण पेशी वाढवून केलेल्या पूर्ण तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात. कधी पेशी वाढतच नाहीत आणि सुई पुन्हा घ्यावी लागते. सीव्हीएसमध्ये एक ते दोन टक्के वेळा वारेच्या पेशींत दोष दिसतो, पण बाळात तो असेलच असे नसते. मग खात्रीसाठी १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी करावी लागते. अशा अर्धवट निकालावर कोणताही निर्णय घेऊ नये.

धोका कशाच्या बदल्यात?

सुईचा धोका एकटा पाहिला तर काहीच ठरत नाही. तो दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहून तोलायचा असतो.

समजा डबल मार्करचा आकडा १:२००० आला. अशा २००० बायकांपैकी एकीचे बाळ डाऊन सिंड्रोमचे असेल. त्या सगळ्यांना सुई घातली, तर दोनशेत एक या हिशेबाने दहापर्यंत गर्भ जाऊ शकतात. एक बाळ ओळखण्यासाठी दहा गमावणे कोणाला पटणार? इथे सुईला काहीच कारण नाही.

आता दुसरे टोक. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आहेत. दोघे ठणठणीत, पण प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. अशा २०० गर्भांपैकी सुमारे ५० बाळांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागेल, जन्मभर. सुईने त्यातला एकापेक्षा कमी गर्भ जाईल. इथे सुई नाकारण्यातच मोठा धोका आहे, आणि ‘सुई घातली की मूल पडतं’ म्हणणारी आजी नकळत नुकसान करते.

हा हिशेब मराठी मुलखात अनेकांना लागू पडतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली मध्य प्रदेशातूनच सुरू झाली. आणि सीमाभागात, दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत आहे, उत्तर कर्नाटकात मामा-भाचीचेही लग्न होते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष लपून असण्याची शक्यता वाढते. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात, काही झालं नाही’ हे पुष्कळ घरांत खरेही असते. पण घरात एखादे मूल लहानपणी गेले असेल किंवा मतिमंद निघाले असेल, तर ते डॉक्टरला सांगायलाच हवे.

थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसाठी पहिली तपासणी सुईची नाहीच. आधी आईच्या हाताचे रक्त, त्यातली एचपीएलसी तपासणी. आई वाहक निघाली तरच वडिलांची. दोघेही वाहक निघाले तरच बाळाचा प्रश्न. हे दिवस राहताच, किंवा त्याहून चांगले म्हणजे लग्न ठरताना केले, तर बहुतेक घरांत सुईपर्यंत जावेच लागत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये असलेल्यांसाठी, म्हणजे डबल मार्कर १:२०० वगैरे आलेल्यांसाठी, एनआयपीटी ही मधली पायरी आहे. खर्च जास्त, पण डाऊन सिंड्रोमबाबत ती खूप भरवशाची. ती ठीक आली तर अनेकींची सुई टळते. मात्र तीही अंदाजच देते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून थेट गर्भपाताकडे जाऊ नये, सुईने खात्री करावीच लागते. आणि सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात, मेंदूत व्यंग दिसले असेल, तर एनआयपीटीत वेळ न घालवता सरळ निदानाकडे जाणे बहुतेक वेळा योग्य ठरते.

कायदा काय म्हणतो, आणि कोणत्या भाषेत?

महाराष्ट्रात ‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द बदनाम झाला तो सुईच्या धोक्यामुळे नव्हे. व्यंग ओळखण्यासाठी आलेली ही सुई १९७० च्या अखेरीपासून मुलगी आहे का हे बघण्यासाठी वापरली जाऊ लागली. निरोगी बायकांनी निरोगी गर्भावर हा धोका ओढवून घेतला, तोही वैद्यकीय कारण नसताना. महिला संघटनांच्या लढ्यानंतर १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. मग १९९४ साली संसदेने केंद्रीय कायदा केला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. तोच आजचा पीसीपीएनडीटी कायदा. तो कोल्हापुरात जसा, तसाच बेळगावात, पणजीत, इंदुरात आणि हैदराबादेत.

हा कायदा लिंगनिदानाबद्दलचा म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातले पाचवे कलम फारसे ठाऊक नसते. सुई घालण्याआधी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत असे ते सांगते. तपासणीचे सर्व ज्ञात दुष्परिणाम बाईला समजावून सांगायचे. तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची. आणि त्या संमतीपत्राची एक प्रत तिला द्यायची. यासाठी ‘फॉर्म जी’ नावाचा ठरलेला नमुना आहे.

दवाखान्यात ‘इथे लिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत लावायची असते. बेळगावात ती कन्नड असेल, हैदराबादेत तेलुगू. पण संमतीची भाषा ठरते ती बाईवरून, गावावरून नाही. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने न समजणाऱ्या कागदावर अंगठा किंवा सही केली, तर कायद्याला हवी असलेली संमती मिळालेली नसते. मराठी नमुना हाताशी नसेल तर कोणीतरी मराठी जाणणाऱ्याने ओळ न् ओळ वाचून दाखवावी, असे म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. यात भांडणाचे काही नाही. डॉक्टरलाही त्यातून संरक्षणच मिळते.

ही सही बाईचीच हवी. नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या जागी चालत नाही. तपासणी बाईचे वय ३५ च्या वर असणे, दोन किंवा जास्त गर्भपात झालेले असणे, घातक औषध, किरणोत्सर्ग किंवा संसर्गाशी संबंध आलेला असणे, घराण्यात आनुवंशिक आजार असणे अशा कारणांसाठीच करता येते. पेशींच्या तपासणीत मुलगा-मुलगी कळत असते, पण ते सांगणे गुन्हा आहे. ते विचारणारा नवरा किंवा नातेवाईकही तुरुंगात जाऊ शकतो.

वेळेचे गणित

निकाल वाईट आला तर पुढे काय, हा प्रश्न सुई घेण्याआधीच घरात बोलून घ्यावा. काही जोडप्यांना बाळ जसे असेल तसे हवे असते. त्यांनी सुई नको म्हटली तर ते चुकीचे नाही. काहींना आधी कळले तर बाळंतपण कुठे करायचे, लहान मुलांचा सर्जन कुठे आहे, याची तयारी करता येते. काहींना गर्भपाताचा विचार करायचा असतो.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि बाळात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते, आणि त्याने तीन दिवसांत मत द्यायचे असते. सज्ञान बाईची संमती इथेही पुरेशी आहे. आता गणित पाहा. २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत व्यंग दिसले, दुसरे मत घ्यायला आठवडा गेला, सुईचा पूर्ण निकाल यायला तीन आठवडे, की २४ आठवडे संपतात. म्हणून एनटी सोनोग्राफी टाळू नये आणि ‘पाचव्या महिन्यात बघू’ म्हणू नये.

तपासणी एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात

चंदगड, गडहिंग्लजचे रुग्ण बेळगावला जातात, सावंतवाडी, दोडामार्गचे बांबोळीला. तपासणी झाली की बाई त्याच दिवशी घरी परतते. प्रवासाने किंवा हालचालीने गर्भ पडतो आणि महिनाभर खाटेवर पडून राहिल्याने तो वाचतो, याला पुरावा नाही. एक-दोन दिवस जड उचलू नये, शरीरसंबंध टाळावा, एवढे पुरते. खरी अडचण वेगळी असते. रात्री त्रास सुरू झाला, तर घाटाच्या वरच्या किंवा खालच्या गावातल्या डॉक्टरला काय झाले ते कळायला हवे.

त्यासाठी निघताना चार गोष्टी लिहून हातात घ्याव्यात: तपासणीची तारीख आणि आठवडे, सुई किती वेळा घातली, आईचा रक्तगट आणि अँटी-डी दिले की नाही, आणि रात्री फोन लागेल असा नंबर. पाणी जाणे, लाल रक्त जाणे, थंडी वाजून ताप, ओटीपोटात थांबून थांबून कळा, किंवा अंगावरून घाण वासाचे जाणे, यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता जवळच्या बाळंतपणाची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. आधीच्याच डॉक्टरकडे पोहोचण्यासाठी तीन तासांचा रस्ता धरू नये.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

ही तपासणी माझ्यासाठी नेमक्या कोणत्या कारणाने? त्या आजाराची शक्यता आत्ता किती, आणि सुईचा धोका किती? आधी रक्ताच्या तपासणीने भागेल का? माझे नक्की आठवडे किती? तुम्ही वर्षाला अशा किती तपासण्या करता? माझा रक्तगट कोणता, अँटी-डी लागेल का? निकाल किती दिवसांत, आणि तो अर्धवट आला तर पुढे काय? संमतीपत्राची प्रत मला मिळेल ना?

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरे द्यायला दहा मिनिटे लागतात, सुई घालायला लागतात त्याहून थोडी जास्त. उत्तर समजले नाही तर ‘मराठीत सांगा’ म्हणावे, आणि समजल्यावरच, घ्यायची की नाही ते स्वतः ठरवून, सही करावी.